‘तुझ्याच भल्यासाठी’
(वाचन-बैठकीत केलेली मांडणी)



एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची ‘द ब्रोकन अर्थ’ ही तीन कादंबऱ्यांची मालिका (२०१५ ते २०१७) आपण वाचावी, असं मला वाटतं. तिन्ही भागांना ओळीने ‘ह्यूगो’ पुरस्कार मिळाला. जग काल्पनिक आहे, पण राजपुत्र-राजकन्यांचं नाही.

इथली जमीन सतत हादरते. काहीजणांत भूकंप शमवण्याची शक्ती जन्मतःच असते. समाज त्यांच्याच जिवावर तगतो आणि त्यांनाच ठेचतो. एस्सुन ही शक्ती लपवून संसार करते. लहानग्या मुलातही ती आहे हे कळताच नवरा त्याला मारून टाकतो आणि मुलीला घेऊन निघून जातो. एस्सुन तिच्या शोधात निघते.

अशा मुलांवर ‘रक्षक’ नेमलेले असतात. एक रक्षक अगदी प्रेमाने बोलत एका मुलीचा हात मोडतो. कशासाठी? तिच्याच भल्यासाठी! हे शब्द आपल्या सल्ला केंद्रांत नवीन नाहीत. शिकवणाऱ्या संस्थेत मूल कोणापासून व्हावं, हेही वरूनच ठरतं.

पुढे कळतं, की एस्सुननेही आपल्या मुलीचा हात असाच मोडलेला असतो. लेखिका तिला माफ करत नाही, खलनायिकाही ठरवत नाही. सोसलेली हिंसा आईच्या हातून लेकीपर्यंत कशी पोचते, हा प्रश्न आपल्या चळवळीचाही आहे.

वाचन जड आहे. इंग्रजी येणाऱ्या एकीने वाचावं, इतरांना मराठीत सांगावं. मग बोलू या.