मुलाच्या ‘नाही’ची नोंद

(वर्तनोपचार केंद्रांत आणि घरोघरी जाऊन स्वमग्न मुलांबरोबर काम करणाऱ्या मुलींच्या शिबिरात केलेलं भाषण)



तुमच्या कामाला आपल्याकडे अजून एक ठरलेलं नाव नाही. कुणी थेरपिस्ट म्हणतं, कुणी शॅडो टीचर. अमेरिकेत ‘बिहेवियर टेक्निशियन’ म्हणजे वर्तन-तंत्रज्ञ म्हणतात. मुलाच्या घरी तुम्ही ‘ताई’ असता. नाव काही असो, कामाची रचना एकच आहे. तज्ज्ञ व्यक्ती योजना लिहिते आणि मुलासमोर सतरंजीवर बसून ती रोज तासन् तास अमलात आणता तुम्ही. तज्ज्ञ अधूनमधून येतात. मूल रडलं, चावलं, टेबलाखाली जाऊन बसलं, तर त्या क्षणी खोलीत निर्णय घेणारं माणूस तुम्हीच. पगारात सर्वांत खाली आणि जबाबदारीत सर्वांत पुढे! अंगणवाडी सेविका, आशा, रुग्णालयातल्या आया, सगळ्या ह्याच जागी उभ्या आहेत, तेव्हा ही जागा आपल्या चांगल्या ओळखीची आहे.

मी एम.एस.डब्ल्यू. करून स्त्रियांच्या सल्ला केंद्रात काम करते. वर्तनशास्त्रातली तज्ज्ञ मी नाही, त्यामुळे तंत्र शिकवणार नाही. पण आमच्याकडे स्वमग्न मुलांच्या आया येतात आणि अलीकडे तुमच्यातल्याही मुली येतात. त्यांचे प्रश्न ऐकून ज्या गोष्टी मला स्पष्ट झाल्या, त्या तुमच्यापुढे ठेवते.

पहिला प्रश्न : वर्तन बदलायचं ते कोणासाठी?

उपयोजित वर्तन-विश्लेषण, ज्याला सगळे एबीए म्हणतात, ही शाखा अमेरिकेत आकाराला आली. १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिस्ले यांनी तिची चौकट मांडणारा लेख लिहिला. वर्तनाच्या आधी काय घडतं, नंतर काय घडतं हे नोंदवायचं आणि परिणाम बदलून वर्तन बदलायचं, हा गाभा. जे बदलायचं ते समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचं असावं, असंही त्यांनी म्हटलं होतं. आता स्त्री-चळवळीतली कोणीही बाई लगेच विचारेल, की समाज म्हणजे कोण?

ह्याचं उत्तर त्याच शाखेच्या इतिहासात आहे. लॉस एंजलिसच्या विद्यापीठातले लोवास यांनी १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं आणि त्यांतली ९ मुलं साध्या शाळेत बसू लागली, असा त्यांचा निष्कर्ष. त्यानंतर जगभरच्या पालकांना आशा वाटली, आणि ती आशा मी हलकी मानत नाही. पण त्या शिकवण्यात मोठ्याने ‘नो’ म्हणणं आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणंही होतं. त्याच लोवास यांनी रेकर्स यांच्याबरोबर १९७४ साली आणखी एक लेख लिहिला. त्यातला मुलगा पाच वर्षांचाही नव्हता. तो ‘बायकी’ वागतो, म्हणून त्याच्यावर उपचार केले. बाहुलीशी खेळला की आईने तोंड फिरवायचं. घरी निळ्या चकत्या मिळाल्या की बक्षीस, लाल चकत्या साठल्या की शिक्षा, त्यात वडिलांचा मारही. उपचार यशस्वी झाल्याचं लिहिलं गेलं. मोठेपणी, २००३ साली, त्या मुलाने आत्महत्या केली. घरच्यांनी त्या उपचाराकडे बोट दाखवलं. २०२० साली त्याच नियतकालिकाने त्या लेखाविषयी चिंता व्यक्त करणारं निवेदन छापलं.

म्हणजे त्या काळच्या शास्त्राच्या नियमांत नोंदी बसल्या, आलेख वर गेले, आणि तरी गोष्ट चुकीची होती. कारण त्या मुलाला त्याचा त्रास नव्हता, भोवतालच्या माणसांना होता. म्हणून तुमच्या हातात योजना आली, की प्रत्येक उद्दिष्टासमोर विचारा : हे शिकल्याने मुलाच्या हाती काही येणार आहे, की फक्त बघणाऱ्याचा संकोच जाणार आहे? पाणी मागता येणं, रस्ता ओलांडता येणं, डोकं भिंतीवर आपटणं थांबणं, हे मुलाचं आहे. आनंद झाला की हात फडफडवणं थांबवायचं, डोळ्यांत डोळे घालून बघायलाच लावायचं, मुलगी आहे म्हणून पाय जुळवून बसवायचं, हे कोणाचं आहे? हा प्रश्न मोठी झालेली स्वमग्न माणसं आज स्वतःच विचारत आहेत.

आपल्या महाराष्ट्राला तर हा धडा फार महागात मिळालेला आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असं कारण दिलं गेलं. स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न साधा होता : सोय कोणाची आणि शरीर कोणाचं?

इथे मला तुमच्या कामाची दुसरी बाजूही सांगायची आहे. पाळीचं कापड किंवा पॅड बदलणं ही एक क्रिया वाटते, पण तिच्यात दहा-बारा लहान पायऱ्या असतात. दार लावणं, कपडे खाली करणं, जुनं पॅड काढणं, कागदात गुंडाळणं, नवं लावणं, हात धुणं. एक एक पायरी चित्रं दाखवून, सरावाने, कौतुक करत शिकवता येते. तुमच्या शास्त्राची हीच तर ताकद आहे. ज्या मुलीला ‘जमणार नाही’ म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेलं जातं, तिला शिकवण्याचं साधन तुमच्या हातात आहे. तंत्र तेच असतं. ते मुलीच्या बाजूने वापरायचं की तिच्यावर, हा निर्णय असतो.

दुसरा प्रश्न : मूल ‘नाही’ म्हणतं तेव्हा काय करायचं?

बोलता न येणारं मूलही ‘नाही’ म्हणतं. मान फिरवतं, अंग ताठ करतं, वस्तू ढकलतं, पळतं, शेवटी मारतं. तुमच्या पत्रकात ह्या सगळ्याला एकच शब्द असतो : ‘असहकार’. आणि तो मोडून काढला की गुण मिळतात.

बायांनो, जरा थांबून विचार करूया. आपण मुलींना शिकवतो, की नको असलेला स्पर्श झाला तर ओरड, पळ, सांग. आणि ह्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवतो, की मोठं माणूस हात धरेल तेव्हा हात सोडवायचा नाही, सांगेल ते मुकाट करायचं, मग चॉकलेट मिळेल. अशा मुलाला कोणी एकांतात हात लावला तर ते कसं ओरडणार? त्याची ओरडच आपण ‘असहकार’ म्हणून पुसून टाकलेली असते. अपंग मुलांवर लैंगिक अत्याचाराचा धोका जास्त असतो, आणि मुकाट ऐकण्याची सवय तो आणखी वाढवते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नोंदवहीत एक वेगळा रकाना घाला, मुलाच्या ‘नाही’चा. केव्हा म्हणालं, कशाला, कसं, आणि तुम्ही काय केलंत. आठ दिवसांनी तो वाचा. एकाच कामाला रोज ‘नाही’ असेल तर बहुधा ते काम कठीण आहे, कंटाळवाणं आहे किंवा दुखतं आहे. आधी शांत असलेलं मूल अचानक कानावर मारून घेऊ लागलं तर आधी डॉक्टरला कान, दात, पोट दाखवायला सांगा. दुखणाऱ्या दातावर वर्तनोपचार नसतो. मूल कामातून सुटण्यासाठी मारत असेल, तर ‘थांब’ म्हणायला शिकवा, हाताच्या खुणेने किंवा चित्राच्या कार्डाने. आणि ते कार्ड दाखवल्यावर खरंच थांबा. न थांबणाऱ्या माणसासमोर ‘थांब’ शिकून काय उपयोग?

प्रत्येक ‘नाही’ मानता येतं असं मी म्हणत नाही. मूल रस्त्यावर धावलं तर धरावंच लागतं, औषध द्यावंच लागतं. पण धरणं हे संकटाचं काम आहे, शिकवण्याची पद्धत नव्हे, आणि धरलंत तर तेही तसंच लिहायचं.

तिसरा प्रश्न : माझा अधिकार कुठपर्यंत?

योजना आपल्या मनाने बदलायची नाही. आज मला पटलं नाही म्हणून मी नवीन पद्धत सुरू केली, तर उद्या दुसरी ताई तिसरी करेल आणि मुलाचे हाल होतील. पण थांबवणं आणि बदलणं ह्यांत फरक आहे. मुलाला इजा होते आहे, ते घाबरलं आहे असं दिसलं तर त्या वेळेपुरतं काम थांबवा, आणि त्याच दिवशी तज्ज्ञांना लेखी कळवा. काय पाहिलं ते लिहा, मत नंतर. ‘तो हट्टी आहे’ असं न लिहिता ‘चार वेळा हात ओढून घेतला, मग रडला’ असं लिहा.

नोंदी खऱ्या ठेवा. फी देणाऱ्यांना प्रगती दिसली पाहिजे म्हणून आकडे वाढवायला सांगितल्याचं मला एकीने नाही, अनेकींनी सांगितलं आहे. खोट्या आकड्यावर पुढची योजना लिहिली जाते आणि तिची शिक्षा मुलाला होते.

घरातलं काम आणखी नाजूक असतं. सासूबाई विचारतात, ‘कधी बोलेल हो?’ तुम्ही अंदाज सांगायचा नाही, तज्ज्ञांकडे पाठवायचं. मुलाच्या आजाराचं खापर आईवर फोडलं जातं तेव्हा मात्र गप्प बसू नका. स्वमग्नता आईच्या वागण्याने होत नाही, एवढं वाक्य तुम्ही ठामपणे म्हणू शकता. अमेरिकन मंडळाच्या संहितेत दहा डॉलरपेक्षा जास्त किमतीची भेट घेऊ नये असं आहे. आपल्याकडे दिवाळीचा फराळ नाकारणं उर्मटपणाचं वाटेल. चहा-फराळ घ्या, साडी आणि पैसे नको म्हणा, आणि केंद्राला सांगून ठेवा. एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नाही, मुलाचे फोटो आपल्या फोनवरून कुठे पाठवायचे नाहीत.

ह्या गुप्ततेला एक मर्यादा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे. ‘केंद्राची बदनामी होईल’ हे कारण कायदा ऐकत नाही.

शेवटचा मुद्दा तुमच्या स्वतःच्या ‘नाही’चा. अमेरिकेतल्या नोंदणीकृत तंत्रज्ञाला ४० तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि दर महिन्याच्या कामाच्या किमान ५ टक्के तास देखरेखीखाली जावे लागतात. ते मंडळ २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेत नाही. त्यामुळे इथल्या नव्या मुलीला त्या नोंदणीची ढालही नाही. मग आपले नियम आपणच लिहून घेतले पाहिजेत. लेखी योजना असल्याशिवाय मुलाबरोबर बसणार नाही. न शिकवलेलं काम करणार नाही. देखरेख ठरलेल्या दिवशी झालीच पाहिजे. बंद दाराआड एकटी काम करणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घरही कामाची जागा धरलं आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या केंद्रात अंतर्गत समिती नसते, तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

नोकरी जाण्याची भीती असलेली एकटी मुलगी हे बोलू शकणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणूनच एकटीने बोलायचं नाही. एका केंद्रातल्या पाच जणींनी मिळून पत्र द्या, आयांना बरोबर घ्या. त्या तुमच्या विरुद्ध नाहीत, त्यांचंही ‘नाही’ घरात कोणी लिहून घेतलेलं नाही. जिचं स्वतःचं ‘नाही’ कोणी ऐकत नाही, तिने मुलाचं ऐकावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. दोन्ही एकदमच मागावं लागेल.

उद्या कामावर जाल तेव्हा नोंदवहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने एक उभी रेघ मारा, आणि तो रकाना सुरू करा.