वर्गात धर्माची ओळख

राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिकवण देता येत नाही. म्हणून धर्म हा विषयच वर्गात नको, असं अनेकांना वाटतं. पण उपासना शिकवणं वेगळं आणि धर्मांची माहिती देणं वेगळं, हा फरक कोठारी शिक्षण आयोगानं १९६६ सालीच मांडला होता आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो मानला. शेजारच्या बाकावरचा मित्र रोजा का धरतो, हे मुलांना कळायलाच हवं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ आणि गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठीतच रचलं, हेही. शिक्षक पक्षपात करतील ही भीती खरी आहे. त्यावर उपाय नेमक्या पाठ्यपुस्तकाचा आणि चांगल्या प्रशिक्षणाचा. शाळेनं मौन पाळलं, तर मुलं ऐकीव गोष्टींवर मतं बनवतात. पालकांनी पुढच्या पालकसभेत हा विषय जरूर काढावा.