वेळेचा शब्द
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



२०२४ साली महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला. आपली मुलेमुलीही त्या देशी जाण्याची आकांक्षा बाळगतात. त्यांच्या हितासाठी चार शब्द सांगावेत, असे आम्हांस वाटते.

तेथे डॉक्टरांकडे, कचेरीत, किंबहुना स्नेह्याच्या घरीही सहसा आगाऊ वेळ ठरवूनच जाण्याचा प्रघात आहे. कामाच्या अशा ठरलेल्या भेटीस 'टेर्मीन' म्हणतात. 'सोमवारी दहा वाजता' म्हणजे 'आम मोन्टाग उम त्सेन ऊअर'. वारापूर्वी 'आम', घड्याळापूर्वी 'उम'. 'पास्ट एस ईनेन?' म्हणजे 'आपणांस सोयीचे आहे काय?'

खरी मेख अर्ध्या तासात आहे. 'हाल्ब द्राय' याचा शब्दशः अर्थ 'अर्धा तीन'. त्यास साडेतीन समजणारा विद्यार्थी तासभर उशिरा पोहोचेल, कारण ते अडीच होत! परंतु आपला 'अडीच' तरी कोठून आला? संस्कृत 'अर्धतृतीय', म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे, यातूनच. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये पुष्कळ ठिकाणी सव्वादोनला 'फीर्टेल द्राय' (पाव तीन) आणि पावणेतीनला 'द्रायफीर्टेल द्राय' (पाऊण तीन) म्हणतात. तिसऱ्या तासाचा किती भाग भरला, एवढे पाहिले की घोटाळा उरत नाही. आठवड्याने भेटावयाचे असल्यास तेही आपल्यासारखेच 'आठ दिवसांनी', 'इन आख्ट टागेन', म्हणतात. मात्र आपला 'परवा' मागचाही आणि पुढचाही. त्यांचा पुढचा 'युबरमॉर्गन', मागचा 'फोरगेस्टर्न'.

व्याकरणाहून कठीण आहे ती सवय. 'बघू', 'जमल्यास येतो' या उत्तरांनी आपला नकाराचा संकोच टळतो. पण समोरचा मनुष्य ताटकळत राहतो. 'दा कान इश लायदर निश्ट', म्हणजे 'क्षमस्व, त्या वेळी मला जमणार नाही', असे स्पष्ट सांगून लगेच दुसरा दिवस सुचविणे, यातच तेथे सौजन्य मानतात. अडचण उद्भवल्यास आधी कळवावे. न कळविता चुकविलेल्या एका भेटीपायी वास्तव्याच्या परवान्याचे काम लांबू शकते, आणि त्यावर नोकरीही अवलंबून असते.

पालकहो, भाषा वर्गात शिकता येईल; दिलेली वेळ हा दिलेला शब्द आहे, हा पाठ मात्र घरीच द्यावा लागेल. आपल्या मंडळाच्या सभाही निमंत्रणपत्रिकेतील वेळेस सुरू झाल्या, तर तो पाठ मुलांना न बोलता मिळेल.