हातगाडी, नकाशा आणि आपण
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘कला’ हा विषय पाहून काही साथींना हसू आले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली रेल्वेची माणसे. चित्रांच्या प्रदर्शनाशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट भाकरीशी आहे.

२०२० साली सिमॉन वेकर्ट या कलावंताने जर्मनीतल्या बर्लिन शहरात एका छोट्या हातगाडीत ९९ जुने मोबाईल फोन भरले आणि गाडी ओढत तो रस्त्याने चालू लागला. रस्ता मोकळा होता. पण गूगलच्या नकाशावर तो लाल झाला, म्हणजे वाहतूक तुंबली! हा नकाशा मोटार पाहत नाही. फोन किती आहेत आणि किती हळू सरकतात, त्यावरून तो निष्कर्ष काढतो.

साथींनो, आज अनेक ठिकाणी की-मनजवळ जागा सांगणारे यंत्र असते. तो रुळावर वाकून चावी ठोकत असला तरी यंत्र एवढेच सांगणार की ठिपका वीस मिनिटे हलला नाही. तो काम करत होता की बसला होता, हे ठिपक्याला ठाऊक नसते. ते सोबतच्या माणसाला ठाऊक असते.

दुसरे उदाहरण हसन इलाही यांचे. बांगलादेशात जन्मलेल्या या अमेरिकी कलावंताला २००२ साली डेट्रॉइटच्या विमानतळावर संशयावरून अडवले. संशय खोटा होता, पण चौकशी कित्येक महिने चालली. मग आपण कुठे आहोत, काय जेवलो, याची हजारो छायाचित्रे त्यांनी स्वतःच सर्वांसमोर ठेवली. ढीग पाहावा तेवढा, पण त्यात माणूस काही कळत नाही. कलावंताला हे जमले. नोकरीवरच्या कामगाराला असा उघडेपणा परवडणारा नाही. त्याला संघटनाच हवी.

तिसरी गोष्ट खोटेपणाची. २०१९ साली बिल पोस्टर्स आणि डॅनियल हाउ यांनी फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांची बनावट चित्रफीत तयार केली. चेहरा त्यांचा, शब्द मात्र त्यांनी कधीच न उच्चारलेले. डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरे, हे आता संपले.

याचा चटका आम्हीही सोसला आहे. आमच्या शाखेच्या धरण्याच्या आदल्या रात्री फोनवर संदेश फिरला: मागण्या मान्य, धरणे रद्द. खाली नाव आमचेच! सकाळी मंडपात निम्मी माणसे. लांबच्या स्टेशनांवरचे साथी परत फिरले होते. दोष त्यांचा नाही. खरा निरोप कसा ओळखायचा, हे आम्हीच सांगून ठेवले नव्हते.

म्हणून दोन गोष्टी ठरवू या. एक, केवळ यंत्राच्या नोंदीवर कोणालाही आरोपपत्र नको. आधी माणसाचे म्हणणे ऐका. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडून सांगितले आहे. दोन, आंदोलनाचा निरोप सही-शिक्क्यासह फलकावर लागेल आणि शाखा प्रतिनिधी तो तोंडी सांगेल. तोवर फोनवरचा निरोप खरा धरू नये.

त्या कलावंताजवळ एक हातगाडी होती. आपल्याजवळ एकजूट आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!