320 रुपयांचं थालीपीठ महाग आहे का?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय थेट पोटाचा आहे.

हल्ली आपल्या एरियात एक वेगळ्या प्रकारचं हॉटेल दिसायला लागलंय. चेन नाही, ब्रँच नाही. दहा-बारा टेबलं, मालक स्वतः किचनमध्ये नाहीतर काउंटरवर. आणि मेन्यूत आजीचेच पदार्थ, पण नव्या रूपात. 2015 साली मुंबईत ‘द बॉम्बे कँटीन’ सुरू झालं, तेव्हा असं जेवायला लोअर परळ गाठावं लागायचं. त्यामागे होते शेफ फ्लॉइड कार्डोझ. जन्म मुंबईचा, नाव कमावलं न्यूयॉर्कच्या ‘टॅब्ला’मध्ये. 2020 मध्ये कोविडने ते गेले. पण तो विचार आता कोथरूड, बाणेर, ठाण्याच्या गल्लीबोळात पोचलाय.

आता प्रश्न असा की, यातलं खरं कुठलं आणि नुसतं रीलसाठी कुठलं, हे ओळखायचं कसं?

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे जुना कोड सुधारताना एक नियम असतो. एखादी ओळ तिथे का आहे, हे कळेपर्यंत ती डिलीट करायची नाही. स्वयंपाकाचंही सेम आहे.

अळूवडी घ्या. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून घसा खाजतो. चिंच त्यासाठी असते. चव हा तिचा बोनस! एका ठिकाणी मी ‘चीज अळूवडी’ खाल्ली. चिंच गायब, वर मेयोनीज. फोटो भारी आला, घसा मात्र रात्रीपर्यंत खवखवत होता. आमच्या घराजवळच्या छोट्या हॉटेलात तीच वडी पापडासारखी पातळ, कुरकुरीत करतात आणि चिंचेऐवजी आमसूल वापरतात. रूप बदललं, आंबट राहिलं. त्या शेफला ती ‘ओळ’ का होती, ते माहीत होतं.

आता येतो थालीपिठाकडे. तिथेच एक थालीपीठ मिळतं, सोबत घरचं लोणी आणि भाजलेल्या टोमॅटोचा ठेचा. किंमत 320 रुपये. माझ्या मित्राने मेन्यू बघितला आणि म्हणाला, “अरे, आई घरी फुकट करते!”

हाच माणूस शेजारी 450 चा पास्ता बिनबोभाट खातो, बरं का.

फुकट म्हणजे काय ते बघू. भाजणीला ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे हे सगळं वेगवेगळं भाजावं लागतं, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. मग दळण. मग हाताने थापणं, मधे भोक पाडून तेल सोडणं. आईने हे केलं तेव्हा तिच्या तासांचं बिल कुणी लावलंच नाही. म्हणून आपल्या डोक्यात थालीपीठ म्हणजे स्वस्त. महाग थालीपीठ नाहीये, आईची मेहनत आपण शून्य धरली होती.

शिवाय हॉटेलचा हिशेब वेगळा. नोव्हेंबर 2017 पासून साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर 5 टक्के जीएसटी लागतो, पण मालकाला इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे भाड्यावर 18 टक्के जीएसटी भरला, तर तो त्याच्या खिशातून गेला. चेनवाला मोठ्या खरेदीत भाव पाडून घेतो. दहा टेबलांचा माणूस कुठून पाडणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. असं हॉटेल दिसलं की आधी विचारा, “यात तुम्ही काय बदललंत आणि का?” ज्याला उत्तर येतं, तो डोळे चमकवून सांगतो. ज्याला येत नाही, तो म्हणतो, “सर, फ्यूजन आहे.” तिथे फोटो काढा आणि सुटा.

पण उत्तर पटलं, तर दुसऱ्यांदा जा. शनिवारी सगळेच जातात, तुम्ही मंगळवारी जा. रिकाम्या मंगळवारांनीच अशी हॉटेलं बंद पडतात. आणि एकदा आईला घेऊन जा. बिल आलं की तिलाच वाचू द्या. इतकी वर्षं ती काय किमतीचं काम करत होती, ते तिलाही कळू दे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर नीट जेवा!