प्राध्यापकही कामगारच आहे
(विद्यार्थी गुणगौरव समारंभ, भाईंदर पूर्व येथे केलेले भाषण)



मी विद्वान वक्ता नाही. बी. ए. झालेला, बँकेतला साधा कारकून. काउंटरवर बसून जे दिसते तेच आपल्यासमोर ठेवतो.

मध्यंतरी आपल्याच समाजातला एक तरुण कर्जासाठी आला. एम. ए., सेट, पीएच. डी. सहा वर्षे महाविद्यालयात शिकवतो. मी पगारपत्रक मागितले. तो म्हणाला, "सर, पगार नाही. तासाचे पैसे मिळतात, तेही कित्येक महिन्यांनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही." फंड नाही, भरपगारी रजा नाही. त्याचा अर्ज परत करताना मला शरम वाटली. त्याच्यापेक्षा कमी शिकलेल्या मला हे सारे मिळते. पण ते कुणी दान दिलेले नाही. 1946 साली अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना उभी राहिली, लढे झाले, 1966 साली पहिला द्विपक्षीय करार झाला, म्हणून ते मिळाले.

यालाच तासिका तत्त्व म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे कंत्राटी अध्यापक एकूण जागांच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावेत आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावे. मात्र 'तासिका' असे नाव दिले की ही जबाबदारी टळते. कायम जागा भरल्याच नाहीत, तर आरक्षणाची बिंदुनामावलीही कागदावरच राहते. आपल्या मुलांनी पदव्या मिळवल्या, तेव्हा दार अर्धवट लावून घेतले गेले, असेच म्हणावे लागते.

कायद्याची गंमतही पाहा. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात शिक्षणसंस्थेला 'उद्योग' मानले. परंतु 1988 साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सांगितले की, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा 'कामगार' नव्हे. अध्यापन हे उदात्त कार्य आहे. म्हणजे शाळेचा शिपाई कामगार, शिकवणारा मात्र नाही! आपल्या भाईंदरच्या स्टील कारखान्यातील मजूर ज्या कायद्याचे दार ठोठावू शकत होता, ते शिक्षकाला बंद झाले. उदात्त कार्याने घरभाडे भागत नाही, मित्रांनो.

मग मार्ग कोणता? संघटना. महाराष्ट्रातील प्राध्यापकांच्या महासंघाने 4 फेब्रुवारी ते 10 मे 2013, असा 96 दिवस परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. शासनाने 71 दिवसांचे वेतन अडवले, तरी संघटना टिकली. सप्टेंबर 2018 मध्ये पुन्हा संप झाला. रिक्त जागा भरा, तासिका अध्यापकांना समान कामाला समान वेतन द्या, या मागण्या त्यात होत्या. 2013 च्या बहिष्कारात विद्यार्थ्यांचे निकाल लांबले, पालक रागावले, हेही खरे. पण कायम प्राध्यापक वेतन अडले तरी नोकरीत राहतो. तासिकावाल्याने तोंड उघडले तर पुढच्या सत्रात त्याचे नावच नसते. म्हणून कायम असलेल्यांनी त्याला आपल्यात घेतले पाहिजे. त्याला एकटे सोडून केलेली संघटना अपुरी आहे.

बाबासाहेब स्वतः 1918 साली सिडनहॅम महाविद्यालयात हंगामी प्राध्यापक होते, हे ध्यानात घ्या. त्याच बाबासाहेबांनी, संपावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत झालेल्या एक दिवसाच्या संपाचे नेतृत्व केले. 1943 साली मजूरमंत्री असताना कामगार संघटनांना मालकांकडून मान्यता मिळावी, असे विधेयकही त्यांनी मांडले. 'शिका' आणि 'संघटित व्हा' या दोन आज्ञा त्यांनी वेगळ्या ठेवल्या नाहीत. आपण पहिली पाळली, दुसरी विसरलो.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमचा सत्कार होत आहे. उद्या प्राध्यापक झालात, तर नेमणुकीचे पत्र लेखी मागा, घेतलेल्या प्रत्येक तासाची नोंद स्वतःजवळ ठेवा आणि पहिल्याच महिन्यात संघटनेचे सभासद व्हा. आणि आज जे सर तुम्हाला शिकवतात, त्यांना एकदा विचारा, "सर, सुट्टीत तुमचे घर कसे चालते?" त्या प्रश्नापासूनच एकजुटीला सुरुवात होईल.

जय भीम!