दात हलतोय, पण कीड नाही



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत वसुली झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि चहासोबत शेंगदाण्याची चिक्की आली. एका काकूंनी ती नुसती हातात धरून ठेवली. विचारलं तर म्हणाल्या, "चावंना माय. दात हलायलेत." वय पन्नासच्या आत. एकही दात किडलेला नाही, दुखणं नाही. म्हणून त्या निवांत होत्या.

मी बळंच त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. फोटो काढल्यावर कळलं, दात चांगलाच होता. त्याच्या खालचं हाड झिजलं होतं. गोठ्यातला खुंटा कितीही मजबूत असू द्या, भोवतालची माती वाहून गेली तर तो हलणारच. दाताचंही तसंच. हिरडीच्या कडेला किटण साचतं, हिरडी सुजते, तिथं पू धरतो आणि ती सूज हळूहळू जबड्याचं हाड खाते. पहिली खूण म्हणजे घासताना रक्त येणं.

आता आपल्याकडची अडचण ऐका. आपण मिश्री लावतो. (मीही लग्नानंतर दोन वर्षं लावली, लपवत नाही.) मिश्रीनं हिरडी घट्ट होते, रक्त थांबतं, असं सगळ्या म्हणतात. रक्त कमी दिसतं हे खरंच आहे, पण तंबाखूनं हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात म्हणून. आत आजार चालूच राहतो, फक्त खूण झाकली जाते. तोंडाच्या कॅन्सरची भीती आहे ती वेगळीच.

दुसरी गोष्ट पाळी जाण्याची. बीजकोशातून तयार होणारं इस्ट्रोजेन आपली हाडं राखतं. पाळी गेली की ते कमी होतं आणि सगळ्या अंगाचीच हाडं विरळ व्हायला लागतात. जबडा काही अंगाबाहेर नाही. हिरडीचा आजार आधीच असेल तर तिथली झीज लवकर वाढू शकते. ज्यांची पिशवी काढलेली आहे, त्यातही बीजकोशासकट, त्यांना हे लहान वयातच गाठतं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्याकडूनही टोळ्या जातातच की कारखान्यावर. तुमची पिशवी काढली असेल तर बीजकोश ठेवलेत का, हे दवाखान्याच्या कागदावर बघून घ्या.

म्हणून दात हलत असला तर डॉक्टरला तीन गोष्टी न विचारता सांगा: पाळी कधी गेली, साखर आहे का, आणि हाडांसाठी काही औषध चालू आहे का. आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक सुई असं हाडांचं औषध असतं. ते चालू असताना दात काढला तर कधीकधी जबड्याची जखम भरत नाही. औषध मनानं बंदही करू नका, नुसतं सांगा.

किटण काढलं की दात ढिले होतात, हा समज सोडा. दात ढिला आधीच झालेला असतो, किटणानं तो धरल्यासारखा वाटतो एवढंच. गेलेलं हाड बहुतेक परत येत नाही, पण राहिलेलं वाचतं. तीळ, ताक, शेवग्याचा पाला जरूर खा, मात्र नुसत्या खाण्यानं हिरडीतला पू जात नाही. लातूरलाही आणि नांदेडलाही दंत महाविद्यालय आहे, तिथं तपासणी होते. त्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते विचारा.

त्या काकूंचे दोन दात काढावे लागले, बाकीचे टिकलेत. भाड्याला आणि औषधाला गटातूनच अंतर्गत कर्ज घेतलं होतं, दोन हप्ते फिटलेत. मिश्रीची डबी मात्र अजून कंबरेलाच आहे. त्यावरून आमचं भांडण चालू आहे.